दुकानात मशीन आणण्याआधी हातात घड्याळ घ्या



आमच्या दुकानाचा बिलिंग काउंटर व्हिडिओत दाखवल्यापासून मला एकच प्रश्न येऊन राहिला आहे. "ताई, कोणतं मशीन घेऊ? कोणतं सॉफ्टवेअर बेस्ट?"

आज त्याचं उत्तर देते. पण थोडं उलट्या बाजूने. कारण मी स्वतः आधी मशीन घेतलं आणि मग विचार केला. त्याची किंमतही मोजली.

सात तारखेची संध्याकाळ

आमचं दुकान दक्षिण नागपुरात, मानेवाड्याकडे. साधारण चारशे चौरस फूट. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, १९९१ मध्ये सुरू केलेलं. माझं बीबीए झालं, लग्न झालं, आणि हळूहळू गल्ल्यावर मी बसायला लागले.

२०२४ च्या जून महिन्याची सात तारीख. पगार झालेले, सगळ्यांचा महिन्याचा किराणा एकाच वेळी. काउंटरसमोर दहा-बारा लोक. बाबा वजन करून राहिले, मी वहीवर बेरीज, दुकानातला मुलगा पोत्यामागे. एक काकू, आमच्या वीस वर्षांच्या गिऱ्हाईक, भरलेली टोपली काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "राहू दे व पोरी, माह्या घरी पाहुणे बसून राहिले. मी उद्या येतो."

उद्या त्या आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मला त्या ऑटोतून उतरताना दिसल्या. हातात मोठ्या सुपरमार्केटच्या दोन पिशव्या.

आमच्याकडे भाव जास्त होता म्हणून त्या गेल्या नाहीत. माल वाईट होता म्हणूनही नाही. त्यांचा वेळ गेला, म्हणून त्या गेल्या. हे मला त्या दिवशी समजलं. पण वेळ नेमका कुठे गेला, हे समजायला आणखी काही महिने लागले. मध्ये मी चुकीच्या गोष्टीवर पैसे घालवले. ते पुढे सांगते.

पायरी पहिली : मोजा

मोबाइलमध्ये स्टॉपवॉच असतं. ते फुकट आहे. मी आठवडाभर संध्याकाळी सहा ते नऊ साठ गिऱ्हाइकांचा वेळ मोजला. गिऱ्हाईक आत आल्यापासून पिशवी घेऊन बाहेर पडेपर्यंत सरासरी ११ मिनिटं लागत होती. त्याचे चार तुकडे केले:

- वस्तू शोधणं आणि भाव विचारणं : ४ मिनिटं
- सुटा माल तोलून घेणं : ३ मिनिटं
- बिल करणं : ३ मिनिटं
- पैसे देणं : १ मिनिट

मला वाटायचं, आपला प्रॉब्लेम बिलिंगचा आहे. घड्याळ म्हणालं, नाही. सगळ्यात जास्त वेळ "हे कितीचं?" आणि "ते कुठे आहे?" या दोन प्रश्नांत जात होता. एकच माणूस उत्तर देणारा, तोच वजन करणारा. मग रांग लागणारच.

तुमच्या दुकानाचे आकडे वेगळे येतील. येऊ द्या. पण ते काढल्याशिवाय कोणत्याही सेल्समनला दुकानात बसू देऊ नका.

स्वतः उचलून घेणं : ही पण टेक्नॉलॉजीच

आपण टेक्नॉलॉजी म्हटलं की स्क्रीन समजतो. किराणा दुकानातला सगळ्यात मोठा बदल स्क्रीनशिवाय झाला. १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिस गावात क्लेरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने 'पिगली विगली' हे दुकान काढलं. तोवर तिकडेही आपल्यासारखंच होतं. गिऱ्हाईक यादी सांगणार, नोकर काढून देणार. सॉन्डर्सने रॅक मोकळे केले, प्रत्येक वस्तूवर किंमत लावली आणि सांगितलं, तुम्हीच उचला. आज डीमार्टमध्ये आपण टोपली घेऊन फिरतो, त्याचं मूळ इथे आहे.

आम्ही काय केलं? काउंटर आडवा होता, तो भिंतीला लावला. साबण, चहा, बिस्किटं, मसाले, टूथपेस्ट, सगळं पॅकबंद सामान गिऱ्हाइकाच्या हाताशी आणलं. आणि प्रत्येक रॅकवर भावाची पाटी. मराठीत, मोठ्या अक्षरात. चष्मा घरी विसरलेल्या आजीला दोन हातांवरून वाचता आली पाहिजे, हा आमचा नियम.

या पाट्या आता आम्ही बिलिंग सॉफ्टवेअरमधूनच छापतो. भाव बदलला की पाटी नवीन. मोठ्या कंपन्या यासाठी रॅकवर छोटे इलेक्ट्रॉनिक स्क्रीन बसवतात. वॉलमार्टने २०२४ मध्ये त्यांच्या २,३०० दुकानांत असे स्क्रीन लावायचं जाहीर केलं. तुम्हाला-मला त्याची गरज नाही. आपलं काम कागदाच्या पाटीने होतं, फक्त पाटीवरचा भाव आणि बिलातला भाव एक पाहिजे.

बारकोडला काय माहीत असतं, आणि काय नसतं

आता बिलिंगकडे येऊ. पॅकेटवरच्या काळ्या पट्ट्या पहिल्यांदा एका खऱ्या दुकानात स्कॅन झाल्या २६ जून १९७४ ला, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात. वस्तू होती च्युइंगमचं एक पॅकेट. म्हणजे ही गोष्ट पन्नास वर्षांपेक्षा जुनी आहे, घाबरायचं काही कारण नाही.

आपल्या पॅकेटवर बहुतेक वेळा १३ आकडे असतात. सुरुवातीला ८९० दिसलं तर तो नंबर जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलेला आहे. त्याचा अर्थ "माल भारतात बनला" असा होत नाही, हा एक नेहमीचा गैरसमज आहे. शेवटचा आकडा तपासणीचा, बाकीचे आकडे मशीनने नीट वाचले की नाही हे त्यावरून कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं : या बारकोडमध्ये किंमत नसते. किंमत तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असते, आणि ती तुम्हीच भरलेली असते. स्कॅनरने 'टीं' केलं म्हणजे भाव बरोबर, असं नाही. कंपनी एकाच बारकोडवर जुन्या एमआरपीचा आणि नव्या एमआरपीचा माल पाठवते. रॅकवर दोन्ही शेजारी असतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वस्तूला दोन एमआरपी ठेवता येतात का, हे घेण्याआधी विचारा. डेमो देणाऱ्याला माझा पहिला प्रश्न आता हाच असतो. छापील एमआरपीपेक्षा एक रुपया जास्त घेतला तरी तो कायद्याने गुन्हा आहे, आणि "मशीनने केलं" हे उत्तर तिथे चालत नाही.

घटस्थापनेच्या दिवशी माझी झालेली फजिती

हे मला सांगायला आवडत नाही, पण सांगते.

२२ सप्टेंबर २०२५. घटस्थापना, आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर. शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट, साबण, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. तूप, लोणी, नमकीन १२ वरून ५ वर. हिशेब साधा आहे. कर धरून ११८ रुपयांची बाटली असेल, तर मूळ किंमत १००, म्हणून नवी किंमत १०५.

मला तारीख माहीत होती. सगळ्यांना माहीत होती. पण सणाची गर्दी, उपवासाचं सामान, आणि कॉम्प्युटरमध्ये शेकडो वस्तू. तूप आणि बिस्किटं मी आदल्या रात्री बदलली. शाम्पू-साबणाचा गट राहून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतले एक निवृत्त गुरुजी बिल घेऊन आले. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "सूनबाई, पेपरात आलं, टीव्हीवर आलं, तुमच्या मशीनले नाही समजलं काय?"

दुकानात पाच-सहा लोक होते. सगळे ऐकून राहिले. मित्रांनो, बाबांनी तेहतीस-चौतीस वर्षांत कमावलेलं नाव त्या एका वाक्यात पणाला लागलं होतं.

त्या रात्री दुकान बंद करून मी बसले. दोन दिवसांची सगळी बिलं कॉम्प्युटरमधून काढली, ज्यात त्या गटातली वस्तू होती ती वेगळी केली. एकूण फरक निघाला १,१४० रुपये. दुसऱ्या दिवशी दारावर मोठा कागद लावला : "२२ आणि २३ तारखेला आमच्याकडून या वस्तूंचे पैसे जास्त घेतले गेले. बिल दाखवा, फरक घेऊन जा. बिल नसेल तरी नाव सांगा." खातेदारांना मी स्वतः फोन केले.

काही जणांनी पैसे घेतले, काही जण "राहू द्या" म्हणाले. गुरुजींनी त्यांचे घेतले, आणि मोजून घेतले. आणि आजही सामान आमच्याकडूनच नेतात.

चूक मशीनने केली नव्हती, मी केली होती. पण दोन दिवसांत कोणाकडून किती जास्त घेतले हे तासाभरात सापडलं, ते मात्र मशीनमुळे. वहीवर ते कधीच सापडलं नसतं. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला : दर सोमवारी सकाळी रॅकवरच्या कोणत्याही वीस वस्तू उचलायच्या, स्कॅन करायच्या आणि पाटी, पॅकेट, बिल तिन्ही जुळतात का पाहायचं.

काटा : गिऱ्हाइकाकडे तोंड करून

नागपूरचं गिऱ्हाईक अजूनही तूरडाळ, फल्लीदाणे, पोहे हातात घेऊन पाहतं. ते त्याने पाहिलंच पाहिजे, हीच आपली ताकद आहे. त्यामुळे सुटा माल बंद करू नका.

दोन गोष्टी करा. एक, दोन्ही बाजूंनी आकडे दिसणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. आमचा जुना काटा फक्त आमच्याकडे तोंड करून होता. गिऱ्हाईक मान वाकडी करून पाहायचं, आणि मनात शंका घेऊन जायचं. आता आकडा त्याला आधी दिसतो. दोन, वैधमापन विभागाकडून काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्या आणि ते प्रमाणपत्र दिसेल असं लावा.

वेळ वाचवायला बरेच जण डाळ-तांदूळ आधीच एक-एक किलोच्या पिशव्यांत भरून लेबल लावून ठेवतात. कल्पना चांगली, पण थांबा. गिऱ्हाईक समोर नसताना भरलेलं पाकीट कायद्याने पॅकबंद माल होतं. त्यावर नाव, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख वगैरे सगळं छापावं लागतं. शिवाय १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर तो नाही. आधी तुमच्या सीएला विचारा, मग पॅकिंगचं मशीन पाहा.

आम्ही मधला रस्ता काढला. महिन्याची मोठी यादी असलेल्यांना सांगितलं, दुपारी व्हॉट्सॲपवर यादी पाठवा. यादीतलं पॅकबंद सामान आम्ही काढून ठेवतो. संध्याकाळी तुम्ही या, सुटा माल डोळ्यासमोर तोलून घ्या, जा. हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो पण चालतो.

पैसे : क्यूआर कुठे लावला आहे ते पाहा

यूपीआय आलं २०१६ मध्ये. आज आमच्या गल्लीत भाजीवाल्याकडेही क्यूआर आहे. मग यात शिकायचं काय?

आमचा क्यूआर काउंटरच्या काचेखाली होता. वरची ट्यूबलाइट काचेत चमकायची, फोन स्कॅन करेना. लोक फोन मागे-पुढे करत बसायचे. आम्ही तो उभ्या स्टँडवर, छातीच्या उंचीवर लावला, खर्च ऐंशी रुपये. एक क्यूआर काउंटरवर, दुसरा वजनाच्या काट्याजवळ.

साउंडबॉक्स घ्या. पैसे आल्याचं तो बोलून सांगतो, त्यामुळे गर्दीत खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणाऱ्यांचा प्रश्न संपतो. आणि प्रामाणिक गिऱ्हाइकालाही "दाखवा बरं फोन" असं म्हणावं लागत नाही. ते फार अपमानास्पद वाटतं, आपल्यालाही आणि त्यालाही.

छोट्या खरेदीला यूपीआय लाइट वापरायला सांगा, त्यात पिन टाकावा लागत नाही. आणि रोख घेणं बंद करू नका. आमच्या बऱ्याच आजी-आजोबांचा व्यवहार नोटांचाच आहे. त्यांच्यासाठी सुट्टे पैसे ठेवणं ही पण सेवाच आहे.

मी उडवलेले ३८,००० रुपये

आता ती चुकीची गोष्ट. घड्याळ लावण्याआधी मी एका डेव्हलपरकडून दुकानाचं स्वतःचं ॲप बनवून घेतलं. ३८,००० रुपये. सहा महिन्यांत ४१ जणांनी डाउनलोड केलं, त्यातले निम्मे आमचे नातेवाईक. माझ्या मावशीने त्यावरून एकदा मीठ मागवलं, कौतुक म्हणून.

मन छोटं करू नका, मोठ्यांच्याही चुका होतात. ॲमेझॉनने जानेवारी २०१८ मध्ये सिएटलला काउंटरच नसलेलं दुकान उघडलं. वस्तू उचला आणि चालू लागा, कॅमेरे बिल करतील. २०२४ मध्ये त्यांनी मोठ्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढून टाकायचं ठरवलं आणि त्याऐवजी खरेदी करतानाच चालू बिल दाखवणाऱ्या गाड्या आणल्या. किराणा घेताना माणसाला आपलं बिल किती झालं ते दिसत राहिलेलं आवडतं, हा त्यातला आपल्या कामाचा धडा. आम्ही एक जुना मॉनिटर गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावला. वस्तू स्कॅन झाली की नाव आणि भाव त्यालाही दिसतो. तेव्हापासून बिलावरची भांडणं जवळजवळ संपली.

मोबाइल नंबरसाठी अडवू नका

बिल करताना नंबर मागायची फॅशन आली आहे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना स्पष्ट सांगितलं आहे की बिलासाठी नंबरची सक्ती करू नका. ज्याला यादी पाठवायची आहे तो स्वतः नंबर देतो. दिलेला नंबर दुसऱ्याला देऊ नका, आणि रोज सकाळी सुप्रभातचे फोटो पाठवून त्याला त्रास देऊ नका.

एकूण खर्च किती आला?

- जुना कॉम्प्युटर : १३,०००
- थर्मल प्रिंटर : ४,२००
- बिलिंग सॉफ्टवेअर, पहिलं वर्ष : ३,६००
- छोटा यूपीएस : २,८००
- बारकोड स्कॅनर : १,९००
- जुना मॉनिटर : १,५००

एकूण २७,०००. म्हणजे वाया गेलेल्या ॲपपेक्षा कमी! एक नागपुरी टीप : थर्मल कागद उन्हाने काळा पडतो. मे महिन्यात रोल खिडकीजवळ ठेवू नका, आणि जपून ठेवायच्या बिलाचा फोटो काढून घ्या.

सहा महिन्यांनी मी परत स्टॉपवॉच लावलं. ११ मिनिटांचे ७ झाले. शोधणं आणि विचारणं अडीच, वजन दोन, बिल दीड, पैसे एक. सगळ्यात जास्त वेळ वाचवला तो स्कॅनर आणि कागदी पाट्यांनी, दोघांनी सारखाच. फक्त पाट्यांचा खर्च काहीच नव्हता.

आणि बाबा?

ही गोष्ट कोणत्याही सॉफ्टवेअरच्या डेमोत नसते, म्हणून शेवटी सांगते.

स्कॅनर आला त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने सवयीने बाबांना भाव विचारला. बाबा म्हणाले, "आता मले कायले विचारता? त्या डब्ब्याले विचारा." दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी समजत होते की तब्येत बरी नाही. सासूबाईंनी सांगितलं, "त्यांले वाटते, आता त्यांचं काम संपलं."

ज्या माणसाला दोनशे वस्तूंचे भाव तोंडपाठ, कोणाच्या घरी कोणती डाळ शिजते हे माहीत, त्याला मी एका 'टीं' आवाजाने रिकामं करून टाकलं होतं. आणि मी लोकांना व्यवसाय शिकवते!

चौथ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "बाबा, इतवारीत किराणा ओळीतून माल आणायचा आहे. चांगली तूरडाळ कोणती हे मशीनला नाही समजत, मला पण पूर्ण नाही समजत. तुम्ही चला." ते आले. आता सुट्या मालाची पूर्ण जबाबदारी त्यांची. वजनाच्या काट्याजवळ खुर्ची त्यांची. बिलाची घाई माझ्याकडे आल्यामुळे त्यांना लोकांशी बोलायला वेळ मिळतो. "पोराचा दहावीचा रिझल्ट लागला काय?" हे त्यांच्याइतकं चांगलं कोणतंच ॲप विचारू शकत नाही.

मागच्या दिवाळीत त्या काकू परत आल्या. बाबांनी विचारलं, "काहून बाप्पा, बरेच दिवस दिसल्या नाही?" त्या हसल्या, म्हणाल्या, "तुमच्याकडे गर्दी राहते ना भाऊ." नऊ मिनिटांत गेल्या. त्यातली तीन गप्पांची.

या आठवड्याचा गृहपाठ

१. संध्याकाळी वीस गिऱ्हाइकांचा वेळ मोजा, चार तुकडे करा.
२. सगळ्यात मोठा तुकडा शोधा. पैसे फक्त त्यावर लावा.
३. पहिला उपाय फुकटचा शोधा : पाटी, जागा बदलणं, क्यूआरची उंची.
४. मशीन घेतलंच, तर ज्या माणसाचं काम ते करणार आहे त्याला आदल्या दिवशी त्याचं नवीन काम सांगा.

वही घ्या, तारीख टाका, आज संध्याकाळीच सुरू करा. भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे उधारीचं खातं : वहीतून मोबाइलमध्ये कसं आणायचं, आणि कोणाचं आणायचं नाही!